तुमचा गुणक किती?

बेगडेवाडी हे स्टेशन आपल्यापैकी बहुतेकांनी फक्त खिडकीतून बघितलेलं असतं. लोणावळा लोकल देहूरोड सोडते, क्षणभर कुठेतरी थांबते, चार माणसं उतरतात, दोन चढतात आणि आपण पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. पुढे घोरावाडी, मग तळेगाव. या स्टेशनवर मुद्दाम उतरणारे आपल्यासारखे लोक तीनच प्रकारचे. एक, रविवारी सकाळी घोरावडेश्वराचा डोंगर चढणारी फिटनेसवाली मंडळी. दोन, गहुंजेच्या स्टेडियमवर मॅच असली की निळे टीशर्ट घालून निघालेली पोरं. आणि तीन, पावसाळ्यात इंद्रायणीच्या कुंडमळ्याला जाणारे ग्रुप्स. त्या तिसऱ्या प्रकाराबद्दल जरा पुढे बोलू.

तर मंडळी, माझ्या डोक्यात सध्या एक खूळ शिरलंय. बेगडेवाडीत एक परिषद भरवायची. दोन दिवसांची, वीकेंडला. विषय, ॲक्चुअरियल सायन्समधले ताजे प्रश्न. आयोजक, विद्यार्थी. वक्ते ठरवणार विद्यार्थी, माइक सांभाळणार विद्यार्थी, आणि एखादा मोठा साहेब लांबला तर त्याला चिठ्ठी पाठवून खाली बसवणारेही विद्यार्थीच.

हसू नका. आधी ही ॲक्चुअरी नावाची जमात काय करते ते बघा. विम्याचा हप्ता किती असावा, पेन्शन फंडात आज किती पैसे हवेत म्हणजे तीस वर्षांनी तो बुडणार नाही, कंपनीने ग्रॅच्युइटीसाठी किती रक्कम बाजूला ठेवावी, हे आकडे काढणारा माणूस म्हणजे ॲक्चुअरी. मराठीत विमागणिती म्हणतात, पण तो शब्द ऐकून कोणी चहासुद्धा विचारणार नाही. यातली ग्रॅच्युइटीची गंमत तर तुम्हाला थेट लागू आहे. ही रक्कम काढताना एक अंदाज बांधावाच लागतो, की दर शंभर कर्मचाऱ्यांतले किती जण यंदा नोकरी सोडतील. म्हणजे बॉस, तुम्ही अजून नोकरीच्या वेबसाइटवर रेझ्युमे अपडेट करताय, आणि तिकडे एका एक्सेल शीटमध्ये तुमचा राजीनामा थोडासा जमासुद्धा झालेला आहे.

पुण्यात हा अभ्यास करणारी मुलं तुम्हाला दिसतील. दिवसा ऑफिस, रात्री अभ्यास, वीकेंडला मॉक टेस्ट. फेलो व्हायला तेरा पेपर. त्यातले काही असे की हुशार माणसानेही दोनदा-तीनदा आपटावं. लग्नकार्यात काका विचारतात, 'अरे मग सीए का नाही केलंस?' पोरगं हसतं आणि जिलबी घेतं. देशात फेलो ॲक्चुअरींची संख्या अजून शेकड्यांतच मोजावी लागते. त्यांची संघटना मात्र जुनी आहे. १९४४ साली ॲक्चुअरियल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, २००६ च्या कायद्याने ती इन्स्टिट्यूट झाली. तिच्या परिषदा होतात. सूटबूट, लॅनयार्ड, बुफे, सगळं रीतसर. पण तिथे बोलणारे बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या कंपनीचं कार्ड खिशात घेऊन आलेले असतात.

विद्यार्थ्यांनी का भरवावी, याचं उत्तर ॲमस्टरडॅममध्ये आहे. तिथल्या विद्यापीठातल्या ॲक्चुअरियल सायन्स आणि इकॉनोमेट्रिक्सच्या विद्यार्थ्यांची संघटना स्वतःच 'ॲक्चुअरियल काँग्रेस' भरवते. फेस्टमध्ये डीजे नाइट असते तसाच हाही त्यांच्या कॅलेंडरवरचा एक कार्यक्रम. आता हॉलंडमध्ये या विषयाचं वेड जुनंच. १६७१ साली त्यांचा तेव्हाचा सर्वांत मोठा राजकारणी योहान द विट याने आजन्म वर्षासनाची किंमत कशी काढायची यावर निबंध लिहिला होता. (आपल्याकडचा एखादा मुख्यमंत्री फावल्या वेळात असं काही लिहितोय हे डोळ्यांसमोर आणून बघा.) पण खरा मुद्दा आजचा आहे. १ जुलै २०२३ पासून तिथे पेन्शनचा नवा कायदा लागू झाला आणि सगळ्या फंडांना १ जानेवारी २०२८ च्या आत त्यात उडी मारायची आहे. जुन्या पद्धतीत पंचविशीतला आणि साठीतला दोघेही पगाराचा सारखाच टक्का भरायचे आणि दोघांच्या नावावर सारखंच पेन्शन जमा व्हायचं. वरवर बघता किती छान! पण पंचविशीतल्याचे पैसे पुढची चाळीस वर्षं वाढणार, साठीतल्याचे पाचच. म्हणजे पोरं गुपचूप काकांचा खर्च उचलत होती. पुढे आपण काका होऊ तेव्हा नवी पोरं आपला उचलतील, या भरवशावर. नव्या कायद्याने ती साखळी तोडली. आता मध्येच सापडलेल्यांचं काय, म्हणजे ज्यांनी तरुणपणी भरलं आणि म्हातारपणी मिळणार नाही त्यांचं? त्यांना भरपाई द्यायची का, किती, कोणाच्या खिशातून? हा प्रश्न विशीतल्या मुलांनी विचारणं आणि फंडाच्या साठीतल्या ट्रस्टीने विचारणं यात फरक पडतोच ना.

परिषदेचं उद्घाटन मी गहुंजेवरून करेन. म्हणजे डकवर्थ-लुईसवरून. हे दोघे इंग्लिश संख्याशास्त्रज्ञ, त्यांची पद्धत पहिल्यांदा जानेवारी १९९७ मध्ये झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात वापरली गेली. पाऊस आला की किती ओव्हर्स उरल्या आणि किती विकेट्स हातात आहेत यावरून, या टीमकडे अजून किती टक्के 'माल' शिल्लक आहे, हे त्यांचा तक्ता सांगतो. ॲक्चुअरीचा मृत्युदराचा तक्ता, नाव ऐकून दचकू नका, याच जातीचा. वय घाला, त्या वर्षातली मरणाची शक्यता काढा. आपल्याकडच्या आयुर्विमा कंपन्या वापरतात तो २०१२-१४ चा भारतीय तक्ता म्हणतो की तिशीतल्या हजार विमाधारकांत वर्षभरात जेमतेम एक जण जातो. तो एक कोण, हे तक्त्याला माहीत नसतं आणि त्याला त्याचं सोयरसुतकही नसतं. तो फक्त गट ओळखतो.

आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची खरी भानगड इथेच आहे. गणित बहुतेक वेळा बरोबरच असतं. भांडण असतं ते गट कोणी पाडले आणि रेघ कुठे मारली याचं.

आपल्या इथली सगळ्यात जुनी रेघ कातडीच्या रंगाची होती. एकोणिसाव्या शतकात इथे धंदा करणाऱ्या परदेशी विमा कंपन्या हिंदी माणसाचं आयुष्य 'कमी प्रतीचं' धरायच्या आणि त्याच्याकडून जास्तीचा हप्ता घ्यायच्या. १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने हिंदी माणसाला नेहमीच्याच दराने विमा दिला. आज हे वाक्य आपण सहज वाचून जातो. पण तेव्हा कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन म्हटलं असणार की आपली माणसं त्यांच्या माणसांइतकीच जगतात, मी पैज लावतो. धंद्याचे पैसे लावून. मग स्वदेशीच्या लाटेत गावोगावी कंपन्या निघाल्या. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाइफ काढली. साताऱ्यात, मुंबईत नाही! काही कंपन्या नेटाने चालल्या, काहींनी लोकांचे पैसे बुडवले. शेवटी १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि २४५ कंपन्या-सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली. तोवर स्वतः चिंतामणराव मंत्रिमंडळाबाहेर होते. मुंबईच्या प्रश्नावर जुलैमध्येच त्यांनी राजीनामा देऊन टाकला होता. आपल्या आजोबांच्या कपाटातल्या त्या पिवळ्या पडलेल्या पॉलिसीमागे एवढं सगळं आहे.

आता दुसरी रेघ. ही तारखेची आहे, आणि तिच्यावरून घराघरांत भांडणं आहेत. माझी मावशी झेडपीच्या शाळेत शिक्षिका. २००५ च्या जूनमध्ये लागली. तिच्या शेजारच्या वर्गावरच्या बाई त्याच वर्षी दिवाळीनंतर लागल्या. तेच पुस्तक, तीच पोरं, जनगणनेची ड्युटीही तीच. फरक एवढाच की १ नोव्हेंबर २००५ ही तारीख या दोघींच्या मधून जाते. मावशीला जुनं पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मं, वर महागाई भत्ता, आणि त्यासाठी तिच्या पगारातून कपात शून्य. शेजारच्या बाईंना नवी योजना. पगारातून दरमहा कपात, सरकारचा हिस्सा वर, आणि शेवटी बाजार देईल ते. मार्च २०२३ मध्ये १४ तारखेपासून २० तारखेपर्यंत राज्यातले लाखो कर्मचारी संपावर गेले ते याचसाठी. 'एकच मिशन, जुनी पेन्शन.' तेव्हा आपल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये काय बोलणं चालायचं ते आठवा. 'टॅक्स आम्ही भरायचा आणि पेन्शन ह्यांना?' मीही त्या टेबलावर होते. पण मावशीच्या घरी जेवायला गेलं की शेजारच्या बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, आणि मग इतकं सोपं काही बोलवत नाही.

ॲक्चुअरी इथे काय म्हणेल? तो म्हणेल, जुन्या पेन्शनला कोणी किंमतच लावली नव्हती. त्यासाठी कुठलीही पेटी नाही. दर महिन्याला सरकारच्या चालू उत्पन्नातून ते दिलं जातं. नोकरीत असताना माणसाच्या नावावर दरवर्षी किती देणं साठतंय, याचा हिशेब शासनाच्या खिडकीवर कोणी टांगलेला नाही. माणसं पन्नासाव्या वर्षी रिटायर्ड शिक्षकाला 'म्हातारा' म्हणत होती तेव्हा हे चालून गेलं. आता अठ्ठावन्नला निवृत्त झालेले गुरुजी पंच्याऐंशीला सकाळी फिरायला जातात, आणि त्यांनी जावंच. पण ती सत्तावीस वर्षं कोणी भरायची, हा आकडा आधी समोर हवा, घोषणा नंतर. केंद्राने २०२४ मध्ये मधला रस्ता काढला, युनिफाइड पेन्शन. पंचवीस वर्षं नोकरी केली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं, पण कपात चालूच. ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. ऑगस्ट २०२४ मध्येच राज्याच्या मंत्रिमंडळानेही तिला होकार दिला. बाजार पडला तर फरक सरकार भरणार. म्हणजे पुन्हा पुढची पोरंच.

आणि आपण? खासगीवाले? आपल्या पीएफच्या स्लिपवर 'ईपीएस' अशी तीन अक्षरं कधी बघितलीत? ते आपलं पेन्शन. त्याचा फॉर्म्युला मोबाइलवर दहा सेकंदांत होतो. पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पगाराची मर्यादा २०१४ साली १५,००० झाली. म्हणजे तुमचा खरा पगार लाख असो की दीड लाख, या हिशेबात तुम्ही पंधरा हजारवाले. पस्तीस वर्षं राबलात तर महिन्याला साडेसात हजार. जास्त वर्षांच्या नोकरीबद्दलचं बक्षीस धरून आठ हजारांच्या आत. त्यात महागाई भत्ता नाही. आणि तुम्ही १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेले असाल आणि तेव्हाच बेसिक पंधरा हजारांच्या वर असेल, तर नियमाप्रमाणे तेही नाही. घ्या! झेडपीच्या बाईंना २००५ ची रेघ, आपल्याला २०१४ ची. त्यांनी संप केला. आपल्यापैकी अनेकांना रेघ आहे हेच ठाऊक नाही.

जेवणाच्या सुट्टीत मात्र मावळातलाच मेनू हवा. इंद्रायणी तांदळाचा भात, आमटी, पिठलं, ठेचा. आणि भात खाता खाता पीकविम्यावर पंधरा मिनिटं. खरीप २०२३ पासून आपल्या राज्यात शेतकऱ्याला एक रुपयात पीकविमा होता. उरलेला हिस्सा सरकार भरणार. ऐकायला सही. पण रुपयात काही मिळत असेल तर अर्ज कोण-कोण करतं हे सांगायला ॲक्चुअरी कशाला हवा? देवस्थानाच्या, सरकारी जमिनींवरचेसुद्धा बोगस अर्ज निघाले आणि २०२५ च्या खरिपापासून ती सोय बंद झाली, खरिपाला पुन्हा दोन टक्के हप्ता आला. त्याआधी २०२० मध्ये बीडला एक वेगळी युक्ती झाली होती. नुकसान हप्त्याच्या एकशे दहा टक्क्यांपर्यंतच कंपनीने भरायचं, त्यावरचं सरकारने. आणि भरपाई कमी झाली तर कंपनीने वीस टक्के ठेवून बाकीचे पैसे परत करायचे. मला विचाराल तर ही युक्ती त्या रुपयापेक्षा कितीतरी शहाणपणाची होती. पण 'एक रुपया' बॅनरवर मोठा दिसतो, 'ऐंशी-एकशे दहा' दिसत नाही.

दुपारच्या पेंगेसाठी एक हलकं सेशन ठेवता येईल, तुमच्या मनगटावरच्या घड्याळाचं. रोज दहा हजार पावलं चाला आणि हप्त्यात सूट मिळवा, असल्या योजना आता आपल्याकडेही आल्यात. मजा वाटते. पण ज्याला सूट मिळत नाही तो हळूहळू कुठल्या गटात जातो? आणि पावलांवरून गट पाडता येतो तर रक्ताच्या थेंबावरूनही पाडता येईल. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं. हृदयविकाराचं कारण 'आनुवंशिक' आहे म्हणून कंपनीने दावा नाकारला होता. न्यायालयाने म्हटलं, असा सरसकट भेदभाव चालणार नाही. युरोपात तर २०१२ च्या डिसेंबरपासून स्त्री-पुरुष असा फरक करून हप्ता लावायलाच बंदी आहे. त्यामुळे गाडी जपून चालवणाऱ्या मुलींचा हप्ता वाढला आणि त्या वैतागल्या. एका रेघेवरून उठवलं की माणूस कुठल्या तरी दुसऱ्या रेघेवर जाऊन बसतो.

आणि आता शेवटचं सेशन. मी या परिषदेचं खूळ मुळात डोक्यात घेतलं ते याच्यासाठी.

बेगडेवाडीपासून एक्स्प्रेसवे हाकेच्या अंतरावर आहे. समजा, आणि हे फक्त समजायचंच आहे, त्या रस्त्यावर कोणाच्या तरी चुकीने एखादा तरुण गेला. त्याच्या घरच्यांना किती मिळणार, याचं आपल्या देशात एक ठरलेलं गणित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात तक्ताच घालून दिला. वय पंचविशीपर्यंत असेल तर गुणक अठरा. सव्वीस ते तीस, सतरा. एकतीस ते पस्तीस, सोळा. असं उतरत उतरत पासष्टीच्या पुढे पाच. २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात भविष्यातल्या पगारवाढीचीही भर घालायला सांगितली. कायम नोकरी आणि वय चाळिशीच्या आत, तर पगाराच्या निम्मी भर.

चला, एक उदाहरण करून बघू, टॅक्स वगैरे बाजूला ठेवून. महिना पन्नास हजार पगार, वय तीस, लग्न झालेलं नाही. वर्षाचे सहा लाख. वाढीचे तीन धरून नऊ. अविवाहित माणूस निम्मं स्वतःवरच उडवतो, असं न्यायालयाने धरलंय (आईंचं मत याहून कडक असेल). उरले साडेचार लाख. गुणिले सतरा, साडेशहात्तर लाख. आता तोच मुलगा एकतिसात गेला असेल तर गुणक सोळा, बहात्तर लाख. मधल्या एका वाढदिवसाची किंमत साडेचार लाख रुपये! आणि तोच तिशीतला मुलगा लग्न झालेला असेल, घरात दोघं-तिघं त्याच्यावर अवलंबून असतील, तर कपात निम्म्याऐवजी एक तृतीयांश. आकडा एक कोटी दोन लाखांवर जातो. घरी सांभाळणाऱ्या बाईचा पगार कुठल्याच स्लिपवर नसतो, तर तिचं काय, हा प्रश्न न्यायालयापुढे अनेकदा आलाय. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की तिच्या कामालाही उत्पन्न धरूनच हिशेब करा.

हे गणित कोरडं आहे, मान्य. पण त्याच्यात एक माणुसकी आहे. ते विचारतं, हा किती वर्षं अजून कमावणार होता, कोणासाठी.

१५ जून २०२५, रविवार. पावसाळा नुकताच सुरू झालेला, इंद्रायणीला पाणी चढलेलं. कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल दुपारी कोसळला. त्या वेळी पुलावर सुट्टीच्या गर्दीचे लोक उभे होते, फोटो काढत, दुचाक्या रेटत. चार जण गेले, पन्नासहून जास्त जखमी झाले. पूल धोकादायक आहे असा फलक होता. सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख जाहीर केले आणि जखमींच्या उपचारांचा खर्च उचलला.

पाच लाख. इथे ना वय विचारलं, ना पगार, ना घरी कोण आहे ते. गुणक नाही. तोच रविवार, तेच वय, तसाच मित्रांबरोबर बाहेर पडलेला एखादा. एक्स्प्रेसवेवर गाडीखाली आला तर त्याच्यासाठी न्यायाधिकरण आहे, तक्ता आहे, विमा कंपनी आहे. सरकारी पुलावरून नदीत पडला तर एक सरसकट आकडा, आणि त्याहून जास्त हवं असेल तर घरच्यांनी वकील शोधावा आणि वर्षं मोजावीत. सरसकट आकड्याच्या बाजूने एक गोष्ट नक्की आहे, की तो सगळ्यांना सारखा मिळतो. पगारवाल्याच्या आणि बिनपगाऱ्याच्या जिवात तो फरक करत नाही. मग गुणकाचं गणित जास्त न्याय्य की हे? यावर मला विशीतली पोरं तावातावाने भांडताना ऐकायची आहेत, टेबलावर हात आपटून.

आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, जो कुठल्याही विमा कंपनीतला शिकाऊ पहिल्या आठवड्यात विचारेल. एक्सपोजर किती होतं? म्हणजे साध्या मंगळवारी त्या पुलावर एका वेळी किती माणसं असायची आणि जूनच्या रविवारी किती? तो पूल गावच्या लोकांनी नदी ओलांडावी म्हणून होता. त्याच्यावर शंभर माणसांनी थांबून सेल्फी काढाव्यात म्हणून नव्हता. मंगळवारच्या हिशेबाचा पूल रविवारच्या गर्दीखाली आला. आपण, म्हणजे हे पान वाचणारे, त्या रविवारच्या गर्दीतलेच. मावळात अशा जागा काय कमी आहेत? भुशी डॅम, कातळधार, पवनेच्या कडेचे कॅम्प्स. कुठे किती माणूस जातो याची नोंद कोणी ठेवत असेल तर ती लोकांसमोर तरी येत नाही. बंदीचा आदेश येतो, फलक लागतो, आठवडाभर पोलीस असतात.

म्हणून परिषदेचा दुसरा दिवस मी हॉलमध्ये ठेवणारच नाही. चार-चार मुलांच्या टोळ्या करायच्या आणि जुलैच्या एखाद्या रविवारी सकाळपासून बेगडेवाडीच्या फलाटावर, कुंडमळ्याच्या वाटेवर आणि घोरावडेश्वराच्या पायथ्याशी बसवायच्या. हातात लॅपटॉप नको, रेघा मारलेली साधी वही पुरे. रकाने चारच: लोकलची वेळ, उतरलेली माणसं, त्यातली नदीकडे गेलेली, आणि संध्याकाळच्या गाडीला परत चढलेली.